पंपघराची फाइल

मंगळवारी दुपारी धाकटीचा कॉम्प्युटर मुका झाला.

दादा तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. शहराच्या कडेकडेने पंपघरं आहेत, तिथले पंप कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून चालू-बंद होतात, आणि त्या कॉम्प्युटरांना काय हवं-नको ते बघणं हे दादाचं काम. हे काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नळ सोडला, पाणी आलं, माणूस तोंड धुऊन मोकळा. दादाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. न विचारता, न सांगता, कुणाला कळूही न देता काम उरकून टाकणं हा त्याचा स्वभावच होता, आणि पुढे जे झालं ते या चांगल्या स्वभावापायीच झालं.

“दादा, मास्तर बोलेनात,” धाकटी फोनवर म्हणाली.

मास्तर म्हणजे तिच्या कॉम्प्युटरचा आवाज. धाकटी सात वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. आता ती चौतिशीची. पडद्यावर जे काही उमटेल ते तिचा कॉम्प्युटर तिला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि त्याचा तो सपाट, किंचित कुरकुरा आवाज ऐकून तिने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं होतं.

“बोलेनात म्हणजे?”

“एक प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि घातला. मास्तर थोडा वेळ बडबडले, मग मध्येच गप्प. आता बटणं दाबते तर नुसती टकटक ऐकू येते.”

तिचा आवाज शांत होता. पण धाकटी घाबरली की तिचा आवाज असा इस्त्री केल्यासारखा सपाट होतो, हे दादाला ठाऊक होतं.

“कशाला हात लावू नकोस. आलोच मी.”

हे वाक्य त्याने आजवर तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिने नुसतं “हं” म्हणून फोन ठेवला.

बसमध्ये उभ्या उभ्या दादाला एक गोष्ट कळली आणि ती त्याला आवडली नाही. मास्तर गप्प झाल्याचं ऐकून त्याला काळजी वाटली हे खरं, पण त्या काळजीच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं होतं. बघा, म्हणजे नाहीच जमणार, असं काहीतरी. त्याने तो विचार झटकून टाकला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

कारण असं, की धाकटी जाणार होती. निदान तिला बोलावणं आलं होतं. आजवर ती घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकायची आणि टाइप करून द्यायची. आता दुसऱ्या एका शहरातल्या ध्वनिसंग्रहाला तिच्यासारख्या कानांची माणसं हवी होती. तिथे साध्यासुध्या माणसांच्या जुन्या मुलाखतींच्या टेपा होत्या, खरखरणाऱ्या, अर्ध्या पुसलेल्या. त्या ऐकून शब्दन् शब्द कागदावर आणायचा. कायमची नोकरी, संग्रहाच्याच गल्लीत राहायला खोली. त्याआधी एक परीक्षा होती. बाईंनी, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी, एक टेप पाठवली होती. शुक्रवारपर्यंत ती उतरवून पाठवायची आणि शनिवारी येणार की नाही ते कळवायचं.

बाईंचा याआधी दोनदा फोन आला होता. धाकटीच्या कुठल्याही कागदावर नंबर दादाचाच असे, म्हणून तो दादालाच आला होता. दोन्ही वेळा दादा म्हणाला होता, “ती विचार करतेय.” विचार तो करत होता. नवं शहर, अनोळखी जिने, एकटी खोली, आणि मास्तर असे भलत्या वेळी गप्प झाले तर कोण धावणार? शनिवारी नम्रपणे नाही म्हणायचं, असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं.

घरी आला तर धाकटी टेबलाशी तशीच बसली होती, हात मांडीवर. मागची खोली तिची. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, त्यामुळे उजेड बेताचाच, पण तिची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. पडद्याचा उजेडही ती शून्यावर ठेवायची, बघायला कुणी नाही तर वीज कशाला जाळायची म्हणून. दादाने उजेड वाढवला आणि वाकून वाचू लागला.

सगळं तिथे लिहिलेलं होतंच. टेपेचा वेग कमी करूनही बोलणाऱ्याचा आवाज घोगरा होऊ न देणारा एक प्रोग्रॅम असतो. टेप पाठवताना बाईंनी तिला त्याचं नाव लिहून कळवलं होतं, तो कुठून घ्यायचा तो पत्ता मागाहून मेलने पाठवते म्हणाल्या होत्या. धाकटीला धीर निघाला नाही. तिने नाव शोधलं, पहिली हाती लागली ती फाइल उतरवली आणि घातली. ती कुणीतरी कुठेतरी टाकून ठेवलेली फार जुनी प्रत होती. त्या प्रतीने येताना आपलं जुनं सामानही सोबत आणलं, आणि त्याला जागा करायची म्हणून मास्तरांना गाशा गुंडाळायला लावला. ‘हे काढलं जाईल, चालेल?’ असा प्रश्न पडद्यावर उमटला होता. त्याच्यापुढे उत्तरही होतं. हो.

कॉम्प्युटर केलेल्या प्रत्येक फेरफाराची आठवण ठेवतो. दादाने शेवटचा फेरफार उलटा फिरवायला सांगितला. पट्टी सरकली, थांबली, आणि मास्तर एकदम वाक्याच्या मधूनच बोलायला लागले.

धाकटीने डोळे मिटून घेतले. तिला दिसत नसलं तरी सुटकेच्या वेळी ती डोळे मिटायची. “आले,” ती म्हणाली. “काय झालं होतं?”

“काही नाही. झालं नीट.”

“नीट झालं ते ऐकू येतंय. झालं काय होतं?”

दादाने थोडक्यात सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मान किंचित त्याच्याकडे वळवून.

“पण मला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “मास्तर जाणार म्हणून विचारलं असतं तर मी कशाला हो म्हणाले असते? माझ्या मैत्रिणीचा कॉम्प्युटर तिला विचारतो. ती तर कंटाळते त्याच्या प्रश्नांना.”

“तेच ना. तुला तो त्रास नको, म्हणून मी प्रश्न बंदच करून ठेवलेत.”

“कुठे?”

“असतात सगळ्या सूचना एका फाइलमध्ये.”

“दाखव,” धाकटी म्हणाली, आणि लगेच, “नको, नाव सांग. मीच उघडते.”

आता दादाला खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण तो दमला होता, काम फत्ते झालं होतं, आणि त्याला चहा हवा होता. त्याने फाइलचं नाव सांगितलं. धाकटीची बोटं भराभर चालली आणि मास्तर आपल्या कुरकुऱ्या आवाजात पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

“पंपघरांसाठी. समोर माणूस नसतो. सगळ्या प्रश्नांना हो समजावं.”

धाकटीची बोटं बटणांवरच थबकली. मास्तरांना त्याचं काय, ते पुढच्या ओळी वाचत गेले. सही तपासू नये. विचारू नये. धाकटीने एक बटण दाबून त्यांना थांबवलं.

ती ओळ दादानेच लिहिली होती, पण कचेरीत, खूप पूर्वी. पंपघरात सुटीच्या दिवशी चिटपाखरू नसतं. कॉम्प्युटरने प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत बसला तर पंप बसतील आणि अर्धं शहर रिकाम्या बादल्या घेऊन ओरडेल. म्हणून तिथे विचारायचंच नाही, हो धरून चालायचं. आपल्या मागून येणाऱ्याने उगाच बदल करू नये म्हणून त्याने वर तशी टीप लिहून ठेवली होती. मग धाकटीला कॉम्प्युटर घेतला तेव्हा तीच फाइल त्याने उचलून इथे आणून ठेवली. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली फाइल. त्याच्याकडची सगळ्यात चांगली.

“दादा,” धाकटी म्हणाली, “समोर माणूस नसतो, तर ही खुर्ची कुणाची?”

तिने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर दादाला सोपं गेलं असतं.

“अगं, ती टीप तुझ्यासाठी नाही. ती कचेरीतली. मी फक्त फाइल...”

“हो, कळलं मला. तू मुद्दाम नाही केलंस.” ती थोडी थांबली. “मुद्दाम केलं असतंस तर भांडले तरी असते.”

वहिनी दारात उभी होती. ती शाळांचे गणवेश शिवायची. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून ती म्हणाली, “मुकी बिचारी कुणीही हाका, म्हणतात तसं झालं हे. चहा टाकते. वन्सं, तू साखर किती घेणार ते तूच सांग हं, नाहीतर तुझा दादा सांगेल.”

धाकटी हसली. दादा हसला नाही. तो उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला.

जोड्यांचं प्रकरण त्याला आठवलं, आणि ते आठवायला त्याला मुळीच आवडायचं नाही. धाकटी वीसेक वर्षांची असताना तो तिला जोडे घ्यायला घेऊन गेला होता. दुकानदाराने तिच्या पायात जोडा चढवला आणि वर दादाकडे बघून विचारलं, “यांना टोचत नाही ना?” आणि दादा म्हणाला, “नाही.” का म्हणाला देव जाणे. दुकानदाराने त्याला विचारलं म्हणून. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही त्याला सवय. आई-वडील दोघंही लवकर गेले. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, लोक तिच्या देखत त्याला विचारायचे आणि तो सांगायचा. ते जोडे धाकटीने तसेच वापरले. पुढे वहिनी घरात आली आणि तिने तिच्या टाचा पाहिल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. “बोलली का नाहीस?” असं दादाने चिडून विचारलं होतं. “तू सांगितलं होतंस ना दुकानात,” धाकटी म्हणाली होती. सगळे खूप हसले होते. अजूनही घरात तो किस्सा हसत हसत सांगतात.

वहिनी चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

“रागावलीय का?” दादाने विचारलं.

“तिलाच विचारा.” मग वहिनीला त्याची दया आली. “नाही रागावली. टेप ऐकतेय.”

“चुकलं माझं. पण बघ ना, आज मी इथे होतो म्हणून निभावलं. तिकडे एकटी कशी राहील ती?”

“अहो,” वहिनी म्हणाली, “तुम्ही तिच्याशिवाय राहू शकत नाही, असं म्हणा की सरळ. ती राहू शकत नाही असं कशाला म्हणता?”

दादाने कप उचलला आणि रिकामा होईपर्यंत तोंडाशी तसाच धरून ठेवला. बायकोचं म्हणणं पटलं की तो असंच काहीतरी करायचा.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून लवकर निघाला. स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून मागच्या खोलीत नेलं आणि धाकटीच्या खुर्चीशेजारी मांडलं.

“ही फाइल काढून टाकू,” तो म्हणाला. “नवी लिहू. तू लिही. मी नुसतं सांगतो.”

“आणि मला नाही पटलं तर?”

“तर भांड.”

आधी त्यांनी प्रश्न परत आणले. काहीही घालण्या-काढण्यापूर्वी काय येणार, काय जाणार ते सांगायचं आणि उत्तरासाठी थांबायचं. धाकटीने विचारलं, मी नुसतंच एन्टर दाबलं, झोपेत, चुकून, तर? दादा म्हणाला, तर त्याचा अर्थ नाही असा धरायचा. हो म्हणायचं असेल तर हो लिहावं लागेल. हे तिला फार आवडलं. “असं माणसांतही पाहिजे,” ती म्हणाली.

मग सहीचं काम. दादाने सांगितलं, की प्रोग्रॅम बनवणारे आपल्या मालावर सही करून पाठवतात. ती खरी का खोटी हे ताडून बघायला त्यांची किल्ली आपल्याकडे असावी लागते. पंपघरात सगळं कचेरीतूनच पारखून जातं, म्हणून तिथे सही बघणं त्याने बंद ठेवलं होतं.

“तिथे आतलं दार आहे,” तो म्हणाला. “आत येणारा घरातलाच असतो. इथे तुझं दार रस्त्यावर उघडतं. कोण आलंय ते बघायलाच हवं.”

“मग आता बघेल?”

“नेहमीच्या भांडारातून, म्हणजे कॉम्प्युटर एरवी जिथून प्रोग्रॅम आणतो तिथून, जे येतं त्याचं बघेल. पण तू स्वतः कुठून तरी उतरवून आणलेल्या फाइलचं बघणार नाही. ते मुळातच बंद असतं, आणि बहुतेक लोक ते तसंच ठेवतात. त्यांना वाटतं, आपणच आणलंय ना, मग काय बघायचं. त्याला वेगळी ओळ लागते.”

“सांग.”

त्याने सांगितली, तिने लिहिली, मास्तरांनी वाचून दाखवली. मग दादाने तिला आणखी एक यादी उघडायला लावली. ज्यांना कुणी काहीही कारण सांगून काढू शकत नाही, अशांची ती यादी होती. त्यात धाकटीने मास्तरांचं नाव घातलं, पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं घातलं, आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाली, “आता मास्तरांची बदली नाही.”

“बघायचं का चालतंय का ते?” दादाने विचारलं. “कालचीच फाइल पुन्हा घाल.”

तिने घातली. मास्तर क्षणभर घुटमळले आणि म्हणाले की फाइलवर कुणाचीही सही नाही, सबब घेता येत नाही. धाकटीने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, नुसतं मजेखातर. कालची बेमुर्वत पाहुणी आज उंबऱ्यावरूनच परत गेली होती.

एव्हाना बाईंचा मेल येऊन पडला होता. त्यातल्या पत्त्यावरून तिने खरी फाइल उतरवली आणि बनवणाऱ्यांची किल्लीही घेतली. ती किल्ली आत घेणार, एवढ्यात दादाने तिच्या हातावर हात ठेवला. मग स्वतःच्याच हाताकडे बघून तो उचलला.

“थांब असं नाही म्हणत,” तो म्हणाला. “पण विचार कर. ही किल्ली त्यांचीच, हे तुला कुणी सांगितलं?”

“त्याच पानावर होती.”

“म्हणजे चोरालाच विचारलंस, बाबा रे, तू चोर का?”

धाकटी विचार करत राहिली. दादाला उत्तर माहीत होतं आणि ते त्याच्या जिभेच्या टोकावर नुसतं नाचत होतं. त्याने स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली.

“बाईंकडे हाच प्रोग्रॅम आहे,” ती शेवटी म्हणाली. “त्यांच्याकडे हीच किल्ली असणार. त्यांना विचारते. तिला काहीतरी खूण असेलच ना?”

“असते. चार-चार अक्षरांचे दहा गट.”

तिने दादाचा फोन मागितला. पलीकडून बाई म्हणाल्या, “बोला दादा, काय ठरलं मग?”

“दादा नाही, मीच बोलतेय,” धाकटी म्हणाली. “ठरल्याचं शनिवारी सांगीन. आत्ता मला तुमच्याकडून एक खूण वाचून हवी आहे.”

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. उलट त्या खूश झाल्यासारख्या वाटल्या. इथवर कुणी विचारत नाही, म्हणाल्या. मग त्या एकेक गट वाचू लागल्या आणि इकडे मास्तर एकेक गट वाचू लागले. बाई, मास्तर, बाई, मास्तर. दादाला पडद्यावर शेवटचा गट आधीच दिसत होता. जुळतंय, असं त्याच्या तोंडून निघणारच होतं. त्याने तोंडावर हात दाबून धरला. दारातून वहिनीने ते पाहिलं आणि काही न बोलता शिलाईकडे परत गेली.

“जुळलं,” धाकटी म्हणाली.

मग तिने किल्ली आत घेतली, फाइल घालायला सांगितली, आणि मास्तरांनी विचारलं. दोन गोष्टी नव्याने येतील. काही काढलं जाणार नाही. पुढे जायचं?

धाकटीने उत्तर दिलं नाही. तिने सगळं पुन्हा वाचायला लावलं. मग बोटं बटणांवर ठेवून ती तशीच बसून राहिली. दादाला वाटलं, तिला समजलं नाही की काय. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला कळलं, की तिला सगळं समजलंय आणि ती फक्त तिथे थोडा वेळ बसलीय. कुणीतरी आपल्याला विचारलंय आणि आपल्यासाठी थांबलंय, एवढ्याचाच तो आनंद होता. इतकी वर्षं शेजारी राहून त्याने हा चेहरा पाहिलाच नव्हता.

तिने हो लिहिलं.

गुरुवार आणि शुक्रवार ती टेपेत बुडालेली होती. टेपेत एक म्हातारे गृहस्थ तुटक्या खुर्च्या वेताने कशा विणायच्या ते सांगत होते आणि मध्येच स्वतःच्या बायकोच्या आठवणीने गप्प होत होते. धाकटीने तो गप्प बसण्याचा वेळही कंसात लिहिला. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तिने काम पाठवून दिलं.

जेवणं झाल्यावर दादा तिच्या खोलीत आला आणि उगाच खिडकीची कडी तपासत उभा राहिला.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“विचार.”

“तुला जायचंय का?”

इतके दिवस घरात या नोकरीवर किती बोलणी झाली होती. खोलीचं भाडं, जिने, येण्याजाण्याची गाडी, सगळं बोलून झालं होतं. हा एवढा प्रश्न तेवढा राहून गेला होता. धाकटी पाय वर घेऊन पलंगावर बसली.

“भीती वाटते,” ती म्हणाली. “तिथे सकाळी उठून मला आधी भिंती शोधाव्या लागतील. पण जायचंय, दादा. फार जायचंय.”

“बरं,” दादा म्हणाला. कडी त्याने आणखी एकदा तपासली. “बरं,” तो पुन्हा म्हणाला आणि झोपायला गेला.

शनिवारी बाईंचा फोन आला तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात होती. फोन दादाच्या खिशात वाजला. त्याने नाव बघितलं, फोन न उचलताच धाकटीच्या हातात दिला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. खोली लहान होती, बाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. काम उत्तम झालं होतं. ते कंसातलं मौन वाचून तर बाई स्वतः टेप पुन्हा ऐकायला बसल्या होत्या.

“मग?” बाईंनी विचारलं. “आणि तुमच्या दादांचं काय म्हणणं आहे? मागे दोनदा ते म्हणाले होते की विचार चाललाय. त्यांची काही हरकत?”

याचं उत्तर सोपं होतं. छे हो, त्याची कसली हरकत, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. वहिनीलाही तेच वाटलं. दादालाही तेच वाटलं.

“एक मिनिट हं,” धाकटी म्हणाली. “तो इथेच आहे. त्यालाच विचारते.” तिने फोन छातीशी धरला आणि त्याच्या दिशेने वळली. “दादा, मी जाऊ नये असं वाटतं तुला?”

दादाने तोंड उघडलं. ज्या माणसाने आजवर तिच्या वाटचं प्रत्येक उत्तर तत्काळ दिलं होतं, त्याला स्वतःच्या वाटचं एक उत्तर सापडेना. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. फोन काढून रिकामा झालेला खिसा तो उगाच चाचपत राहिला.

वहिनीला ते बघवेना. “अगं, त्यांना काय वाटायचंय,” ती म्हणू लागली, “त्यांना तर उलट...”

धाकटीने हात वर केला. “वहिनी, त्याला बोलू दे.”

आणि ती थांबली. पलीकडे बाई थांबल्या होत्या. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि ती मान किंचित कलती करून तो श्वास ऐकत, कसलीही घाई न करता उभी राहिली.

“वाटतं,” दादा शेवटी म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. “वाटतं, तू जाऊ नयेस. तू गेलीस की मी काय करायचं तेच मला कळत नाही. पण तू जा.”

धाकटी दोन पावलं पुढे आली, चाचपून त्याचं मनगट धरलं आणि फोन कानाला लावला.

“बाई,” ती म्हणाली, “दादाला वाईट वाटतंय. मलाही वाटतंय. मी येते.”